दुरुस्तीच मध्ये तुटली तर? एक्सएफएस-रिपेअरमधल्या दोन छुप्या कळी

सर्व्हरची डिस्क माउंट होत नाही, म्हणजे वापरासाठी जोडली जात नाही. पडद्यावर मेटाडेटा खराब झाल्याच्या ओळी येतायत, शेवटचा बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा आहे, आणि हातात एकच उपाय उरलाय : फाइलसिस्टीम दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवायचा. तो सुरू होतो. पहिला टप्पा होतो, दुसरा होतो, तिसरा होतो, आणि पाचव्या टप्प्यात वीज जाते. किंवा मेमरी पुरत नाही म्हणून कर्नलच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभाच, त्या प्रोग्रामला मारून टाकतो. किंवा तासभर पडदा हलला नाही म्हणून घाबरलेला माणूस कंट्रोल-सी दाबतो.

आता त्या डिस्कची अवस्था काय असेल? आधी ती नुसती बिघडलेली होती. आता अर्धी दुरुस्त आणि अर्धी बिघडलेली आहे, आणि ही अवस्था कुणीही ठरवून तयार केलेली नाही. दुरुस्तीचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला खरी झोप उडवणारा प्रश्न हाच असला पाहिजे असं मला वाटतं. प्रोग्राम पूर्ण चालला तर काय होतं, हे तपासणं तुलनेने सोपं असतं. तो मध्येच मेला तर काय होतं, हे तपासायचं असेल तर त्याला मध्येच मरायला लावावं लागतं, आणि तेही नेमकं ठरलेल्या जागी, पुन्हा पुन्हा. एक्सएफएस या फाइलसिस्टीमच्या दुरुस्ती-प्रोग्राममध्ये त्यासाठी दोन कळी, म्हणजे चाचणीची बटणं, बसवलेल्या आहेत. मॅन पेजवर, म्हणजे प्रोग्रामच्या माहितीपानावर, त्यांचा उल्लेख नाही, मदतीच्या मजकुरात नाही. त्या का बसवल्या, कशा चालतात आणि लपवून का ठेवल्या, ते पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. फाइलसिस्टीम म्हणजे डिस्कवरच्या जागेचा हिशेब. मोठं ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. फडताळांत पुस्तकं आहेत, तो आपला डेटा. कोणतं पुस्तक कुठल्या फडताळात आहे याची कार्डं आहेत, आणि कुठली फडताळं रिकामी आहेत याची वेगळी वही आहे. कार्डं आणि वही मिळून झाला मेटाडेटा. वाचकाला दिसतात ती पुस्तकं, पण ग्रंथालय चालतं कार्डांवर आणि वहीवर. कार्ड आणि वही यांचं एकमेकांशी जुळेनासं झालं की मोठा घोटाळा होतो, कारण वहीत ‘रिकामं’ लिहिलेल्या फडताळात खरं तर कुणाची तरी पुस्तकं असतात आणि नवीन आलेला गठ्ठा त्यांच्या जागी ठेवला जातो. ग्रंथालयात जुनी पुस्तकं निदान जमिनीवर तरी सापडतील. डिस्कवर जुन्यावर नवं लिहिलं की जुनं गेलं.

एक्सएफएस सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने 1990च्या दशकात आपल्या आयरिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी बनवली. पुढे ती लिनक्समध्ये आली, आणि 2014 साली आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 मध्ये ती डीफॉल्ट झाली. रोजच्या कामात वीज गेली तर तिला दुरुस्ती लागत नाही. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे कच्च्या वहीत टिपलेला असतो. पुढच्या वेळी माउंट करताना कर्नल ती कच्ची वही वाचून अर्धवट राहिलेली कामं पुरी करतो.

पण दुरुस्ती-प्रोग्रामला या कच्च्या वहीचा आधार नसतो. एक्सएफएस-रिपेअर लॉग वापरत नाही, तो थेट मूळ ब्लॉकांवर, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या तुकड्यांवर लिहितो. लॉगमध्ये न उतरवलेल्या नोंदी दिसल्या तर तो कामाला हातच लावत नाही. आधी फाइलसिस्टीम माउंट करून लॉग रिकामा करून घ्या, असं सांगतो. माउंटच होत नसेल तर लॉग पुसून टाकायचा शेवटचा पर्याय आहे, पण त्यात काही ताजे बदल हरवतात. एकदा लॉग रिकामा झाला आणि प्रोग्राम लिहू लागला की खाली जाळी नाही. रोज चालणाऱ्या फाइलसिस्टीमला जे संरक्षण मिळतं, ते तिला दुरुस्त करणाऱ्याला मिळत नाही.

त्याचं काम सात टप्प्यांत चालतं. पहिल्यात सुपरब्लॉक शोधून तपासला जातो. सुपरब्लॉक म्हणजे सगळ्या डिस्कचं मुखपृष्ठ. दुसऱ्यात लॉग, मोकळ्या जागेचे आणि आयनोडांचे नकाशे पाहिले जातात. आयनोड म्हणजे एकेका फाइलीचं कार्ड. तिसऱ्यात एकेक आयनोड तपासला जातो. चौथ्यात एकाच ब्लॉकवर दोन फाइलींचा हक्क आहे का ते शोधलं जातं. पाचव्यात मोकळ्या जागेच्या आणि आयनोडांच्या नोंदींची झाडं जुनी टाकून देऊन नव्याने बांधली जातात. सहाव्यात डिरेक्टरींची साखळी तपासली जाते, ज्यांचा पत्ता लागत नाही अशा फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये नेऊन ठेवल्या जातात. सातव्यात प्रत्येक फाइलीला किती नावं जोडलेली आहेत ते मोजून आकडे दुरुस्त केले जातात.

पाचवा टप्पा पुन्हा वाचा. मोकळ्या जागेची वही फाडून नवी लिहायला घेतली, काही पानं लिहून झाली आणि दिवे गेले, असं समजा. नव्या आवृत्तीच्या एक्सएफएसमध्ये मेटाडेटाच्या प्रत्येक ब्लॉकवर चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा असतो, त्यामुळे फाटलेलं पान ओळखता येतं. पण इथे एकही पान फाटलेलं नाही. जुनी पानं आपापल्या जागी बरोबर, नवी पानंही आपापल्या जागी बरोबर, प्रत्येकाचा चेकसम जुळतो. फक्त त्यांचं आपसात पटत नाही. चेकसम एका पानाचा खरेपणा सांगतो, दोन पानांचा मेळ बसतो की नाही ते त्याला कळत नाही. अशी डिस्क कर्नलने विश्वासाने माउंट केली आणि लिहायला सुरुवात केली, तर दुरुस्तीला घेण्यापूर्वी जे शाबूत होतं तेही जाईल.

यावरचा उपाय 2021 सालच्या सुमारास कर्नल आणि दुरुस्ती-प्रोग्राम या दोन्हीत आला, आणि तो फार साधा आहे. सुपरब्लॉकमध्ये एक खूण ठेवायची : ‘नीड्स-रिपेअर’, दुरुस्ती बाकी आहे. ही खूण दिसली की कर्नल माउंट करायला नकार देतो आणि एक्सएफएस-रिपेअर चालवायला सांगतो. दुरुस्ती-प्रोग्रामने डिस्कवर पहिला बदल लिहिण्याआधी ही खूण लिहायची. शेवटी सगळे बदल डिस्कवर पोहोचले याची खात्री झाली की मगच ती पुसायची. रस्ता खणायला घेण्याआधी दोन्ही टोकांना अडथळे लावायचे आणि डांबर वाळल्यावर काढायचे, तसं.

या उपायातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ही खूण सुपरब्लॉकमधल्या अशा यादीत ठेवली आहे, जिच्यातली एकही नोंद अनोळखी निघाली तर कर्नलने माउंट करायचंच नाही, असा नियम आधीपासून आहे. म्हणजे ज्या जुन्या कर्नलला ‘नीड्स-रिपेअर’चा अर्थ ठाऊकच नाही, तोही ही डिस्क पाहून मागे सरतो. अर्थ न कळताही त्याच्याकडून योग्य तेच घडतं. (ही सोय एक्सएफएसच्या पाचव्या आवृत्तीच्या मांडणीत आहे. त्याहून जुन्या डिस्कांना हे संरक्षण नाही.)

सगळं ठीक आहे, पण हे खरंच चालतं का? इथून पुढे चाचणीचा भाग सुरू होतो.

दुरुस्ती-प्रोग्राम तपासायची जुनी आणि चांगली पद्धत एक्सटी4 या दुसऱ्या फाइलसिस्टीमच्या कुटुंबातल्या ई-टू-एफएससीके या दुरुस्ती-प्रोग्रामच्या चाचण्यांत पाहायला मिळते. मुद्दाम बिघडवलेल्या छोट्या डिस्क-प्रतिमा जपून ठेवलेल्या असतात, अशा शेकडो. प्रत्येकीवर प्रोग्राम दोनदा चालवायचा. पहिल्या वेळी त्याने काय काय छापलं पाहिजे ते एका फाइलीत लिहून ठेवलेलं असतं, दुसऱ्या वेळचं दुसऱ्या फाइलीत. दुसऱ्या वेळी सहसा काहीच तक्रार निघता कामा नये, कारण दुरुस्ती खरी असेल तर पुन्हा दुरुस्त करायला काही उरत नाही. तिथेही एक छुपी कळ आहे : एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना बाहेरून ठरवून दिलेल्या नावाच्या किमतीतून, प्रोग्रामला खोटं घड्याळ देता येतं, म्हणजे आज चालवा किंवा दहा वर्षांनी चालवा, त्याच्या लेखी वेळ तीच असते. घड्याळ बदललं की निकाल बदलतो, आणि निकाल बदलला की तुलना करता येत नाही.

पण ही सगळी पद्धत एकच प्रश्न विचारते : प्रोग्राम शेवटपर्यंत चालला तर काय होतं? मध्येच मेला तर, हा प्रश्न तिच्यात बसत नाही.

मध्येच मारायचंच असेल तर बाहेरून मारता येईल, असं कुणीही म्हणेल. प्रोग्राम सुरू करा, तीन सेकंद थांबा, मारून टाका. करून पाहिलं की अडचण लगेच कळते. वेगवान एसएसडीवर तीन सेकंदांत काम उरकलेलं असतं. संथ डिस्कवर अजून पहिलाच टप्पा चालू असतो. एकाच मशीनवर दोनदा चालवलं तरी मरणाची जागा बदलते. आज चाचणी नापास झाली, उद्या पास झाली, मग चूक शोधायची कुठे? ज्या चाचणीचा निकाल लहरीवर अवलंबून असतो, तिच्याकडे माणसं दुर्लक्ष करायला शिकतात. हे चाचणी नसण्यापेक्षा वाईट, कारण चाचणी आहे असं समाधान तेवढं मिळत राहतं.

म्हणून मरणाची जागा प्रोग्रामच्या आतच ठरवायची. पहिली कळ तेच करते. तिचं नाव मराठी अक्षरांत लिहायचं तर ‘एक्सएफएस_रिपेअर_फेल_आफ्टर_फेज’. हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. त्याला 4 हा आकडा द्या आणि प्रोग्राम चालवा. चौथा टप्पा संपला की प्रोग्राम स्वतःलाच मारून घेतो. कोडमध्ये हे जेमतेम काही ओळींचं काम आहे : सुरुवातीला व्हेरिएबल आहे का ते पाहायचं, आकडा लक्षात ठेवायचा, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तुलना करायची.

स्वतःला मारून घेण्याची रीतही विचारपूर्वक निवडलेली आहे. प्रोग्राम नेहमीसारखा ‘बाहेर पडा’ म्हणून संपला असता, तर जाता जाता काही आवराआवर झाली असती, न लिहिलेलं लिहिलं गेलं असतं, उघडलेलं बंद झालं असतं. वीज जाते तेव्हा असा निरोप घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून तो स्वतःला सिग-किल हा सिग्नल पाठवतो, सिग्नल क्रमांक 9. हा सिग्नल प्रोग्रामला अडवता येत नाही, त्याच्यावर काही उत्तर देता येत नाही. पुढची एकही ओळ चालत नाही.

आता या कळीची मर्यादा. ‘चौथ्या टप्प्यानंतर’ हे माणसाच्या दृष्टीने नेमकं ठिकाण आहे, पण डिस्कच्या दृष्टीने नाही. दुरुस्ती-प्रोग्राम बदललेले ब्लॉक आधी आपल्या मेमरीतल्या कॅशमध्ये ठेवतो आणि सवडीने डिस्कवर लिहितो. त्यामुळे चौथा टप्पा संपला म्हणजे त्यातले बदल डिस्कवर गेले असं नाही. कदाचित थोडे गेले असतील, कदाचित एकही नाही. आपण त्याला मारलं, नंतर डिस्क तपासली, सगळं सुखरूप निघालं आणि आपण खूश झालो. प्रत्यक्षात डिस्कला धक्काच लागला नव्हता, मग बिघडणार काय?

डिस्कला अर्धवट अवस्थेत गाठायचं असेल तर टप्पे मोजून भागत नाही. डिस्कवर किती वेळा लिहिलं गेलं, ते मोजावं लागतं. दुसरी कळ त्यासाठी आहे : ‘लिबएक्सएफएस_डीबग_राइट_क्रॅश’. ती दुरुस्ती-प्रोग्रामच्या खालच्या थरात, जिथून लेखन होतं त्या लायब्ररीत बसवलेली आहे. तिला दोन गोष्टी सांगायच्या : कोणतं डिव्हाइस आणि कितवं लेखन. डेटाचं डिव्हाइस आणि 2 हा आकडा दिला की दोन लेखनं झाली की प्रोग्राम मेला. लॉग वेगळ्या डिस्कवर असेल तर तिचा वेगळा आकडा देता येतो.

या कळीवर उभी असलेली एक चाचणी एफएस-टेस्ट्स या चाचणीसंचात आहे, एक्सएफएस विभागात 155 क्रमांकाची. तिची मांडणी मी दोन-तीनदा वाचली आणि दर वेळी समाधान वाटलं. आधी फाइलसिस्टीममध्ये शक्य तितक्या सगळ्या प्रकारचा मेटाडेटा भरायचा : लहान डिरेक्टरी, प्रचंड डिरेक्टरी, लिंका, तुकड्या-तुकड्यांच्या फाइली. मग पहिल्या लेखनानंतर मरायला सांगून दुरुस्ती सुरू करायची. प्रोग्राम खरंच मेला का ते पाहायचं. खूण लागली आहे का ते पाहायचं. कर्नलला माउंट करायला सांगायचं, त्याने नकार दिलाच पाहिजे. मग कळ काढून दुरुस्ती पुन्हा चालवायची, ती पूर्ण झाली पाहिजे, खूण पुसली गेली पाहिजे आणि आता मात्र माउंट झालं पाहिजे. एवढं झालं की आकडा वाढवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असं करत सुमारे 200 लेखनांपर्यंत जायचं, किंवा प्रोग्राम न मरता शेवटापर्यंत पोहोचेपर्यंत.

पहिल्याच लेखनानंतर मारण्याचं महत्त्व लक्षात घ्या. पहिलं लेखन खुणेचंच असायला हवं. उद्या कुणी कोड सुधारताना नकळत क्रम बदलला आणि खुणेच्या आधी दुसरा एखादा ब्लॉक डिस्कवर गेला, तर चाचणीच्या अगदी पहिल्या फेरीत ते उघडं पडतं : प्रोग्राम मेलाय, डिस्क बदलली आहे आणि खूण नाही. कोड वाचून अशी चूक पकडणं कठीण आहे, कारण लेखन कॅशमधून, वेगवेगळ्या थ्रेडांमधून, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांमधून होतं आणि क्रम कागदावर दिसतो तसा राहत नाही.

मग एवढी उपयोगाची गोष्ट लपवायची कशाला?

पहिलं कारण वाचणाऱ्याच्या मनःस्थितीत आहे. दुरुस्ती-प्रोग्रामचं मॅन पेज कुणी निवांत दुपारी वाचत नाही. ते वाचणाऱ्याची डिस्क गेलेली असते, वरिष्ठांचे फोन येत असतात, आणि पानावर दिसेल तो पर्याय लावून पाहण्याची त्याची तयारी असते. अशा माणसासमोर ‘ठरलेल्या जागी मरा’ हा पर्याय ठेवायचा नसतो. औषधाच्या कपाटात उंदरांचं औषध ठेवत नाहीत, भले त्यावर चिठ्ठी लावलेली असो.

दुसरं कारण शब्द पाळण्याचं. मॅन पेजवर छापलेला पर्याय म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेला शब्द. कुणीतरी तो आपल्या स्क्रिप्टमध्ये घालतं, आणि मग वर्षानुवर्षं तो तसाच चालवावा लागतो. चाचणीची कळ बदलती राहिली पाहिजे. उद्या दुरुस्तीचे टप्पे सात ऐवजी आठ झाले तर तिच्या आकड्यांचा अर्थ बदलेल, आणि तो बदलण्याची मोकळीक लिहिणाऱ्यांकडे राहिली पाहिजे.

नेहमीच्या पर्यायाऐवजी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल घेण्यात आणखी एक सोय आहे. चाचणीसंचात दुरुस्ती-प्रोग्राम थेट बोलावला जात नाही, दोन-तीन मदतनीस फंक्शनांतून जातो. नवा पर्याय त्या सगळ्यांतून हातोहात पुढे द्यावा लागला असता. व्हेरिएबल मात्र बापाकडून मुलाकडे यावं तसं आपोआप खालपर्यंत पोहोचतं.

चाचणीसाठी वेगळाच प्रोग्राम का बांधत नाहीत, ज्यात या कळी असतील, आणि लोकांना द्यायच्या प्रोग्राममधून त्या काढून टाकायच्या? ऐकायला हे स्वच्छ वाटतं, पण मला पटत नाही. मग आपण तपासतो एक आणि लोकांच्या हातात देतो दुसरं. बांधणीतला छोटासा फरकही लेखनाचा क्रम हलवू शकतो, आणि इथे सगळा प्रश्न क्रमाचाच आहे. लोकांच्या डिस्कवर जो प्रोग्राम चालणार, नेमका तोच शेकडो वेळा मरून पुन्हा उठलेला असला पाहिजे.

लपवलेल्या कळीची एक व्यावहारिक अडचण उरते. समोरच्या मशीनवरचा एक्सएफएस-रिपेअर जुना असेल तर त्यात ही कळ नसेल, आणि मदतीच्या मजकुरात तिचा उल्लेख नसल्यामुळे विचारून कळणार नाही. चाचणी काय करते, तर सरळ प्रोग्रामच्या बायनरी, म्हणजे बांधून तयार झालेल्या फाइलीत ‘लिबएक्सएफएस_डीबग_राइट_क्रॅश’ ही अक्षरं सापडतात का ते ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रामने शोधते. व्हेरिएबलचं नाव कोडमध्ये मजकूर म्हणून असतंच, त्यामुळे ते बायनरीत तसंच उतरतं. सापडलं तर पुढे जायचं, नाही तर ‘ही चाचणी इथे चालत नाही’ एवढी नोंद करून थांबायचं.

या दोन्ही कळींनी काय कळत नाही, तेही सांगायला हवं. प्रोग्राम मारणं म्हणजे वीज जाणं नव्हे. मेलेल्या प्रोग्रामने जे लेखन कर्नलच्या स्वाधीन केलं होतं ते त्याच्या मागेही डिस्कवर पोहोचू शकतं. खरी वीज जाते तेव्हा डिस्कच्या स्वतःच्या कॅशमधलंही काही हरवतं, आणि जे पोहोचतं ते पाठवलेल्या क्रमानेच पोहोचेल असं नाही. ते तपासायला कर्नलमध्ये वेगळी साधनं आहेत. डीएम-लॉग-राइट्स प्रत्येक लेखन क्रमाने टिपून ठेवतं, म्हणजे नंतर हव्या त्या क्षणापर्यंतची डिस्क पुन्हा उभी करता येते. डीएम-फ्लेकी डिस्कला मधूनमधून नापास करतं. पण त्यांची जुळणी जड असते.

आणि चाचणी करणारा माणूस कळ काढायला विसरला तर? शेलमध्ये व्हेरिएबल एक्सपोर्ट करून ठेवलं, जेवायला गेला, परत येऊन त्याच खिडकीतून खऱ्या डिस्कवर दुरुस्ती चालवली. सुडोमधून, म्हणजे तेवढ्या एका आदेशापुरते रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार देणाऱ्या प्रोग्राममधून चालवली असेल तर बहुतेक वेळा तो वाचेल, कारण सुडो नेहमीच्या मांडणीत बहुतेक व्हेरिएबलं खाली जाऊ देत नाही. थेट रूट म्हणून बसला असेल तर प्रोग्राम मध्येच मरेल. पण पहिलं लेखन खुणेचं होतं. कर्नल माउंट करायला नकार देईल, पडद्यावर दुरुस्ती चालवा अशी ओळ येईल, तो डोक्याला हात लावेल, व्हेरिएबल काढेल आणि एक्सएफएस-रिपेअर पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू करेल.